नागपुरातला माशांचा आणि पाणवनस्पतींचा लिलाव: काय पाहावं, काय घ्यावं

निळं_पाणी:

गेल्या रविवारी आपल्या शहरातल्या हौशी मत्स्यपालकांच्या गटाने लिलाव ठेवला होता. इथल्या काही जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं की तिथे नेमकं काय चालतं, दुकानापेक्षा स्वस्त पडतं का, नवख्या माणसाने जावं का. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा धागाच काढते.

स्वस्त पडतं, हे खरं आहे. पण मी जाते ती दुसऱ्या कारणासाठी. तिथला मासा नागपुरात जन्मलेला असतो आणि ज्याने तो वाढवला तो माणूस दोन खुर्च्या सोडून बसलेला असतो.

दुकानातला मासा कुठून येतो ते बघा. कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटचा बाजार, चेन्नईचं कोलत्तूर, मुंबईचं कुर्ला. पिशवीत बांधून, थर्माकोलच्या डब्यात घालून रेल्वेने येतो. आधी तिथल्या व्यापाऱ्याचं पाणी, मग पिशवीतलं, मग दुकानातलं आणि शेवटी तुमच्या टाकीतलं. थोड्या दिवसांत इतकी पाणी बदलली की धडधाकट मासासुद्धा खचतो. मग तो आठवडाभरात गेला की आपण म्हणतो, नागपूरच्या पाण्यात टेट्रा जगत नाही. उलट लिलावातल्या गप्पीची आई, आजी, पणजी सगळ्या इथेच वाढल्या. आपल्याच पेंच-कन्हानच्या नळाच्या नाहीतर बोअरच्या पाण्यात, आणि मुख्य म्हणजे आपला मे महिना काढून. ज्या पिढ्यांनी इथला उन्हाळा सोसला त्यांची पिल्लं तुमच्याकडे तग धरतील, याची शक्यता कितीतरी जास्त.

आता पद्धत. सकाळी दारात नाव नोंदवायचं, बोलीसाठी नंबरचं कार्ड मिळतं. विकणारे आपापल्या पिशव्या चिठ्ठी लावून टेबलांवर मांडतात. बोली सुरू व्हायच्या आधी तासभर सगळ्यांना टेबलांभोवती फिरून पाहायला मोकळीक असते. हा तास चहा-पोह्यांत घालवू नका. तर्री नंतरही मिळते. मग एकेक पिशवी पुढे येते, लिलाव पुकारणारे काका ती उंच धरतात, चिठ्ठी मोठ्याने वाचतात आणि बोली चढत जाते. एक वार, दोन वार, तीन वार. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा ढीग जसा एकगठ्ठा जातो, तशीच इथे पूर्ण पिशवी जाते. बोली नगावर नसते, पिशवीवर असते, हे नवीन लोकांनी लक्षात ठेवावं. विक्रीचा ठरलेला हिस्सा गटाकडे राहतो. त्यातून सभागृहाचं भाडं निघतं. बाकीचे पैसे विकणाऱ्याचे.

अमेरिकेत मत्स्यपालकांच्या क्लबांमध्ये ही पद्धत फार जुनी आहे. तिथल्या बऱ्याच क्लबांत माशांची वीण यशस्वी केली, पिल्लं ठरावीक वयाची होईपर्यंत जगवली आणि त्यातली काही क्लबच्या लिलावाला दिली, की सभासदाला गुण मिळतात. मला ही कल्पना मनापासून आवडते. मासा विकत आणणं सोपं आहे. त्याची पुढची पिढी वाढवून दुसऱ्याच्या हातात देणं हा खरा छंद. आपल्याकडे गुण वगैरे नाहीत, पण पुकारताना "ही पिल्लं घरचीच आहेत" असं ऐकू आलं की सभागृहातल्या माना वळतात.

फेब्रुवारीचा मुहूर्तही विचार करून धरला आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पिशवीतलं पाणी गार पडतं आणि उष्ण प्रदेशातले मासे तळाशी जाऊन बसतात. एप्रिल लागला की पिशवी गाडीच्या डिकीत अर्धा तासही ठेवायची सोय नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी चिठ्ठ्या वाचण्यात घालवते. चांगल्या चिठ्ठीवर जातीचं नाव, नग, नर किती मादी किती, वय, पाणी नळाचं की बोअरचं, खायला काय घालतात आणि विकणाऱ्याचा नंबर असतो. यातला पाण्याचा उल्लेख माझ्या लेखी नावापेक्षाही महत्त्वाचा. बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, त्यात गप्पी, मॉली, प्लॅटी मजेत राहतात. तेच पाणी मऊ पाण्यातल्या माशांना मानवत नाही. एका पिशवीवर "एंजल, ४ नग, बोअर, टीडीएस ६५०, याच पाण्यात वीण" असं लिहिलेलं होतं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप. एंजल मूळचा ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातला, म्हणून ती चिठ्ठी मी दोनदा वाचली आणि विकणाऱ्या दादांना गाठलं. त्यांनी सांगितलं की पिढ्या याच पाण्यात चालल्या आहेत, पण अंडी पांढरी पडून वाया जाण्याचं प्रमाण जास्त आहे. माणूस इतकं खरं सांगतो तिथे बोली लावायला मला भीती वाटत नाही.

आणि ज्या पिशवीवर नुसतं "मिक्स फिश" लिहिलंय, तिला हात लावू नका.

मासा पाहताना पिशवी हलवू नका, उजेडासमोर धरा. पंख मिटलेले आहेत का, पोट आत गेलंय का, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत का, कल्ले भराभर चालताहेत का. गप्पीच्या शेपटाखालून लाल दोऱ्यासारखं काही डोकावत असेल तर ते कॅमलॅनस जंत. एका माशात दिसले तर अख्खी पिशवी सोडायची, कारण उरलेल्या माशांच्या पोटातही ते असण्याची शक्यता मोठी.

बोलीबद्दल एवढंच सांगते की सकाळी भाव चढे असतात आणि दुपारी दीड-दोननंतर लोक पांगायला लागले की उतरतात. वनस्पतींसाठी मी दुपारची वाट पाहते, त्यांचं चार तासांत काही बिघडत नाही. माशांसाठी मात्र थांबत नाही. पिशवीत जितका वेळ जास्त, तितका त्यांच्यावर ताण जास्त. शंभर रुपये वाचवायला मासा दुपारपर्यंत ताटकळत ठेवणं मला पटत नाही.

मी काय घेतलं? ब्रिस्टलनोज प्लेकोची सहा पिल्लं, गप्पीची एक त्रयी म्हणजे एक नर दोन माद्या, क्रिप्टोकोरिन वेंड्टीची जुडी आणि दगडाला बांधलेलं अनुबियास, या दोन्ही पाणवनस्पती. ब्रिस्टलनोजबद्दल मुद्दाम लिहिते. शेवाळ खायला म्हणून दुकानात जो "सकर" मिळतो तो आज बोटाएवढा असतो, पण वाढून फूटभराच्या पुढे जातो. दोन-तीन फुटांच्या टाकीत त्याचे हाल होतात. ब्रिस्टलनोज पाच-सहा इंचांत थांबतो आणि शेवाळही साफ करतो. दुकानात तो क्वचित दिसतो, लिलावात हमखास असतो.

तुम्ही कोणी गेला होतात का? काय घेतलंत?

इतवारीकर:

ताई, मी पण होतो तिथं, मागच्या रांगेत. तुम्ही म्हणता त्या बोअरवाल्या एंजलसाठी मी पण बोली लावून राहिलो होतो, पण दोघं जण असे पेटले की मी आपलं कार्ड खाली ठेवलं. मला एक सांगा, अशा वेळी थांबायचं कुठं? घरून आकडा ठरवून निघालो होतो, पण पुकारा सुरू झाला की डोक्यातला आकडा हलते.

अन् एक गोष्ट लय आवडली. आठ-नऊ वर्षांचा एक पोरगा प्लॅटीच्या पिशवीवर बोली लावून राहिला होता. दोन मोठ्या माणसांनी त्याला पाहिलं अन् आपले हात खाली घेतले. काकांनीही जास्त न ताणता तीन वार करून टाकलं.

निळं_पाणी:

@इतवारीकर भाऊ, आकडा कार्डाच्या मागे पेनाने लिहून ठेवा, डोळ्यासमोर राहतो. दुसरं म्हणजे, घरची पिल्लं विकणारा माणूस पुढच्या वेळीही येणारच असतो. त्या दादांकडे एंजलची जोडी आहे, वर्षात पुष्कळदा अंडी घालते. लिलाव संपल्यावर त्यांना भेटून पुढच्या खेपेची चार पिल्लं सांगून ठेवली असती तरी जमलं असतं. पिशवी हातची जाते, पण तो माणूस इथेच असतो.

त्या मुलाची गोष्ट मीही पाहिली. फार बरं वाटलं.

नवखा_मासेवाला:

धागा वाचला, छान माहिती. मी अजून टाकी सुरू केलेली नाही, दीड फुटी काच आणून ठेवली आहे. पुढच्या लिलावात मासे घ्यावेत आणि घरी येऊन त्यात सोडावेत असा विचार आहे. फिल्टर तिथेच मिळतो का?

निळं_पाणी:

@नवखा_मासेवाला दादा, फिल्टर मिळेल, पण मासे त्याच दिवशी सोडू नका. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. टाकीत हळूहळू असे जीवाणू वाढतात जे अमोनियाचं नायट्राइट करतात, आणि दुसरे जे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ माशाला मारतात, नायट्रेट बऱ्याच प्रमाणात सोसतं. हे जीवाणू बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या काचेत ते नसतातच.

यावर लिलावातच एक उपाय आहे. तिथे येणाऱ्या बहुतेकांकडे चालू टाक्या आहेत. कोणालाही आधी सांगितलंत तर तो आपल्या टाकीत चाललेला फिल्टरचा जुना स्पंज ओला ठेवून पिशवीत घालून आणून देईल. तो तुमच्या एअर पंपला लावला की जीवाणू आयतेच मिळतात. तरीही पहिल्या खेपेला वनस्पती घ्या, महिनाभर टाकी चालू द्या, मग मासे. आणि नळाचं पाणी थेट घालू नका, क्लोरीन असतं. दुकानात थायोसल्फेटचे खडे हायपो म्हणून मिळतात, ते घाला.

कोरीडोरास_प्रेमी:

घरी आणल्यावर काय करायचं ते ताईंनी लिहिलं नाही, म्हणून भर घालतो. बरेच जण पिशवी उघडून तासन्‌तास नळीने थेंब थेंब पाणी सोडत बसतात. लिलावातून तीन-चार तासांत आणलेल्या माशाला ते फारसं बाधत नाही. पण कोलकात्याहून दीड दिवस प्रवास करून आलेल्या पिशवीत हे केलंत तर घात होतो.

कारण असं. बंद पिशवीत मासा श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच उतरतो. पीएच कमी असला की अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या रूपात राहतो आणि त्या रूपात तो कमी विषारी असतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया पुन्हा विषारी होतो. तिथेच मासा तासभर ठेवला तर आपणच त्याला विषात बुडवल्यासारखं होतं. म्हणून लांबून आलेली पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवावी, तापमान जुळलं की मासा जाळीने उचलून टाकीत सोडावा. पिशवीतलं पाणी कुठल्याच परिस्थितीत टाकीत ओतू नये.

माझ्या आवडीच्या माशाबद्दल एक इशारा. कोरीडोरास घाबरला की अंगातून विष सोडतो आणि छोट्या पिशवीत त्या विषाने तो स्वतःच मरू शकतो. जाणकार लोक पकडल्यावर आधी बादलीत थोडा वेळ ठेवतात, मग ताज्या पाण्यात बांधतात. पिशवीत पाणी फेसाळलेलं दिसलं तर ती घेऊ नका.

निळं_पाणी:

@कोरीडोरास_प्रेमी, हे फार नेमकं लिहिलंत. मी यात फक्त विलगीकरण जोडते. लिलावातला मासा कितीही ओळखीच्या माणसाकडून घेतला तरी तो महिनाभर वेगळ्या टबात ठेवायचा, जाळी आणि बादलीसुद्धा वेगळी. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशाच्या कातडीत असताना औषधाला दाद देत नाही. तो बाहेर पडून पाण्यात पोहत असतो तेव्हाच औषध लागू पडतं. २५ अंशांच्या पाण्यात त्याचं चक्र साधारण आठवड्यात पुरं होतं, गार पाण्यात ते लांबतं. म्हणजे आपल्याकडे जानेवारीत आणलेल्या माशाला मार्चमध्ये आणलेल्यापेक्षा जास्त दिवस वेगळं ठेवायला हवं. साधा प्लास्टिकचा टब, स्पंज फिल्टर आणि लपायला मातीच्या कुंडीचा तुकडा एवढं पुरतं.

हिरवी_टाकी:

मी फक्त वनस्पतींसाठी जाते, म्हणून त्यावरच लिहिते.

निळं_पाणी ताई, तुमचं क्रिप्टोकोरिन आठवडाभरात पानं गाळेल, काही तर विरघळल्यासारखी होतील. फेकू नका! ही जात जागा बदलली की असं करतेच. मूळ शाबूत असेल तर महिन्याभरात नवी पानं येतात आणि ती तुमच्या पाण्याला सरावलेली असतात. अनुबियास आणि जावा फर्नचं आडवं खोड वाळूत पुरू नका, कुजतं. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधून ठेवा.

लिलावातल्या जुडीबरोबर गोगलगाईची अंडी, हायड्रा नावाचे चिमुकले जीव, कधी डासांच्या अळ्या येतात. मी तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास बुडवून ठेवते आणि मग साध्या पाण्यात दोनदा खळबळून घेते. अंड्यांचे चिकट पुंजके पानांच्या मागे असतात, ते बोटाने काढून टाकावे लागतात, तुरटीने सगळे जात नाहीत. आणि ज्यांच्याकडे चेरी श्रिम्प म्हणजे छोट्या लाल कोळंब्या आहेत त्यांनी गोगलगाय मारायचं तांब्याचं औषध टाकीत घालू नये, श्रिम्प आधी मरतात.

एक गोष्ट मला खटकली ती स्पष्ट लिहिते. एका टेबलावर सॅल्व्हिनिया या पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीची मोठी टोपली होती आणि ती कोणालाही फुकट देत होते. छोट्या टाकीत सॅल्व्हिनिया उपयोगी आहे, नायट्रेट ओढून घेते. पण ती इतक्या झपाट्याने वाढते की पंधरा दिवसांत काढून टाकावीच लागते. काढलेली कुठे जाते? घरामागच्या नाल्यात गेली तर पुढे नाग नदीत, नाहीतर तलावात. उन्हात वाळवा आणि कुंडीत खत म्हणून घाला, हे देतानाच सांगायला हवं होतं.

जीवशास्त्र_शिक्षिका:

हिरवी_टाकी यांचा शेवटचा मुद्दा पुढे नेते, कारण मला या धाग्यात तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अंबाझरी तलावात जलपर्णी माजलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तीही मूळची दक्षिण अमेरिकेतली, शोभेची वनस्पती म्हणूनच जगभर पसरली.

माशांचं तसंच आहे. वर "सकर"चा, म्हणजे सकरमाऊथ कॅटफिशचा उल्लेख आला. टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला "जीवदान" म्हणून फुटाळा किंवा गांधीसागर तलावात सोडतात. हा मासा आज गंगेत सापडतो, पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांत सापडतो, आंध्रात मच्छीमारांची जाळी त्याच्या काटेरी पंखांनी फाटतात. कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही तो जगतो, काठात बिळं करतो आणि त्याला खाणारं आपल्या तलावांत फारसं कोणी नाही. आणि तलाव म्हणजे बंद भांडं नव्हे. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडला तेव्हा पाणी वस्त्यांतून नाग नदीत गेलं. तलावात जे असतं ते पाण्याबरोबर पुढे जातं.

लिलावाचं मोल मला इथे दिसतं. नको झालेल्या माशाला जायला एक जागा मिळते. माझी आयोजकांना सूचना आहे की एक टेबल "मोठे झालेले मासे, फुकट, मोठी टाकी असणाऱ्यालाच" असं ठेवा.

कासवांबद्दलही. एकाने तिथे मला हळूच विचारलं की घरी कासव आहे, आणू का. भारतीय जातीचं कासव पाळणं-विकणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, वन विभागाला कळवून सुपूर्द करा असं मी त्यांना सांगितलं.

दुकानदार_सक्करदरा:

मी याच धंद्यात आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. दुकानाचं भाडं, वीज, कामाला ठेवलेला पोरगा, रेल्वेने येताना मेलेला माल, हे सगळं धरून मी गप्पीची जोडी विकतो. लिलावात तीच जोडी निम्म्या भावात जाते, कारण घरच्या पिल्लांना कोणी खर्च लावत नाही. मग गिऱ्हाईक मला येऊन म्हणते, भाऊ तुम्ही लुटून राहिले. हे ऐकायला बरं वाटत नाही.

तरी मी लिलावाला येतो. तिथून मासा नेलेला माणूस खाद्य, हीटर, काच, लाइट आमच्याकडेच घेतो. आणि गेल्या वर्षापासून मी तिथल्या दोन जणांकडून मॉलीची आणि एंजलची पिल्लं थेट घेऊन राहिलो. बाहेरून आणलेल्या मालापेक्षा ती कितीतरी कमी मरतात. माझी विनंती एवढीच की लिलावात अगदी पाच-दहा रुपयांत मासे फुंकू नका. फुकटात मिळालेल्या जिवाची लोक कदर करत नाहीत.

निळं_पाणी:

@दुकानदार_सक्करदरा भाऊ, तुम्ही मनमोकळं लिहिलंत हे चांगलं केलं. शेवटचं वाक्य मला पूर्ण पटतं. माशाच्या पिशवीला किमान बोली ठेवावी, वनस्पतींना नको, असं मी आयोजकांकडे मांडणार आहे. आणि तुम्ही इथली पिल्लं विकता तेव्हा काचेवर "नागपुरात वाढलेली" अशी पट्टी लावा. चार पैसे जास्त देऊन मी ती घेईन, माझ्यासारखे इतरही घेतील.

@जीवशास्त्र_शिक्षिका बाई, तुमच्या टेबलाची सूचना आजच पुढे पाठवते. यात एक आणखी गोष्ट यावी. पी पफर किंवा डेनिसन बार्ब ही पश्चिम घाटातल्या नद्यांची मंडळी. डेनिसन बार्ब आज धोक्यात आलेल्या जातींत मोडतो, आणि छंदासाठी नदीतून झालेला उपसा हे त्याचं एक मोठं कारण आहे. अशा माशांच्या चिठ्ठीवर "टाकीत जन्मलेला" की "नदीतून धरलेला" हे लिहिणं सक्तीचं असावं. पाळणाऱ्यांच्या हातून भलंही होतं. मेक्सिकोतला तकिला स्प्लिटफिन नावाचा चिमुकला मासा त्याच्या नदीतून नाहीसा झाला होता. हौशी लोकांनी आणि प्राणिसंग्रहालयांनी टाक्यांमध्ये त्याच्या पिढ्या टिकवल्या, म्हणून तो पुन्हा त्याच नदीत सोडता आला. आपल्या गटात कोणीतरी पी पफरची वीण मनावर घ्यावी.

पुण्यातला_वैदर्भीय:

वाचून माहेर आठवावं तसं झालं. आमच्या महालातल्या वाड्यात हौदात गप्पी असायचे. एक विचारतो, मे महिन्यात तुम्ही लोक टाक्या कशा सांभाळता? पुण्यात ३८ झालं तरी माझी धांदल उडते.

निळं_पाणी:

@पुण्यातला_वैदर्भीय, आपला उन्हाळा कोरडा आहे, हे आपलं नशीब. टाकीचं झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा तिरपा लावला की बाष्पीभवनाने पाणी तीन-चार अंशांनी उतरतं. मुंबईच्या दमट हवेत हे इतकं साधत नाही. कूलरच्या खोलीत टाकी असेल तर आणखी बरं, फक्त मग हवा दमट झाल्यामुळे पंख्याचा गुण कमी होतो, म्हणून दोन्ही एकदम लावून अपेक्षा वाढवू नका.

पण पाणी उडतं तेव्हा क्षार मागेच राहतात. रोज बोअरचंच पाणी वरून घातलं तर जूनपर्यंत टीडीएस कुठच्या कुठे जातो. उडालेलं पाणी आरओच्या पाण्याने भरावं. पाणी बदलताना मात्र नेहमीचं वापरावं. आणि ऊन चढलं की हवेचा पंप रात्रंदिवस चालू हवा. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना तो ७ च्या आसपास येतो, आणि त्याच वेळी माशाची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. मेमध्ये मासे कमी ठेवा, खाणं कमी घाला. वीज गेली तर बॅटरीवरचा पंप जवळ असू द्या.

इतवारीकर:

पुढच्या लिलावात मला पण विकायचं आहे. घरी प्लॅटीची चाळीसेक पिल्लं झाली. बांधायचं कसं ते कोणी सांगता का?

कोरीडोरास_प्रेमी:

@इतवारीकर आदल्या दिवशी खायला घालू नका, पिशवीत घाण कमी होते. एक भाग पाणी, दोन भाग हवा. कॅरीबॅग चालत नाही, लांब जाड पिशवी घ्या. तळाचे दोन्ही कोपरे रबरबँडने बांधून गोल करा, नाहीतर लहान मासे कोपऱ्यात अडकून चेंगरतात. मग ती पिशवी उलटी करून दुसऱ्या पिशवीत घाला. चाळीस पिल्लं एकत्र नको, पाच-सहाच्या पिशव्या करा, भावही बरा येतो. नर-मादी ओळखू येत असतील तर चिठ्ठीवर लिहा. मादी वाढलेली असेल आणि नरांसोबत राहिली असेल तर तेही लिहा, कारण प्लॅटी-गप्पीच्या माद्या नराचं बीज महिनोन्‌महिने साठवून ठेवतात. एखाद्याला शुद्ध वाण जपायचा असेल तर त्याला हे कळलं पाहिजे.

निळं_पाणी:

आणि पाणी कोणतं ते विसरू नका भाऊ, इतवारीत तुमच्याकडे विहिरीचं असेल तर तसं लिहा.

पिल्लांना खाऊ घालायला मोइना, म्हणजे पाण्यातले बारीक जिवंत किडे, हवा असेल तर माझ्याकडे भरपूर वाढला आहे. उन्हाळ्यातही टिकतो, शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यावर नाहीतर चिमूटभर यीस्टवर पोसतो. जरा जास्त यीस्ट पडलं तर पाणी नासतं, तेवढं जपा. पुढच्या लिलावाला रिकामी बाटली घेऊन या, झाकणाला भोक पाडून आणा, मी भरून देते. त्याची बोली नाही.